निळ्या कानांची तहसीलदार

खैरओढा गावात तातोबा नावाचा एक भोळा माणूस नांदत होता. भोळा म्हणजे किती भोळा? एकदा बायको त्याला म्हणाली, "जरा दुधाकडं बघा." तो बघत बसला. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली. बायको धावत आली तेव्हा तातोबा म्हणाला, "सगळं बघितलं. पयल्यापासनं सांगू का?"

धंद्यानं तातोबा बैल सजवणारा. बेंदराचा सण आला की आसपासच्या गावांतले बैल त्याच्या दारात उभे राहायचे. शिंगं तासावीत, रंगवावीत, गोंडे बांधावेत, झूल शिवावी ती तातोबानंच. बैलांच्या बाबतीत त्याची कधी चूक झाली नाही. बैल तोंडानं काही सांगत नाहीत ना, म्हणून.

त्याची मुलगी समृद्धी, म्हणजे घरातली समू, दुसरीत होती. गावात चार वर्षांपूर्वी इंग्रजी शाळा निघाली होती, तिथं जायची. शाळेचं नाव एवढं लांब होतं की पाटी दोन भिंतींवर मिळून लिहिलेली. गाव नुसतं 'इंटरनॅशनल' म्हणायचं. या शाळेत अभ्यास बेताचा, पण दिवस फार. आज लाल रंगाचा दिवस, उद्या टोपीचा दिवस, परवा भाजीचा दिवस. अभ्यासाचा दिवस तेवढा अजून कुणाला सुचला नव्हता.

फेब्रुवारी लागला आणि शाळेनं वेशभूषा सप्ताह काढला. रोज नवा वेश करून यायचं. शुक्रवारी सगळ्यांत चांगला वेश कुणाचा ते ठरणार आणि त्याला पदक मिळणार, तेही तालुक्याच्या तहसीलदार बाईंच्या हातून. दरवर्षी हे पदक सरपंचांच्या नातवाला मिळायचं. परीक्षक स्वतः सरपंच असायचे, त्यामुळे निकालात कधी घोळ झाला नाही.

समूला ते पदक हवं होतं. तिनं वहीच्या पुठ्ठ्याचं एक गोल कापून, दोऱ्यात ओवून, गळ्यात घालूनही बघितलं होतं. मुलांचे वेश ही खरं तर तिच्या आईची, मालनची जबाबदारी. पण नेमकी मालनची आई विहिरीवर घसरली आणि तिचा पाय मोडला. मालन माहेरी निघाली. पिशवी खांद्याला लावून ती दारातच थांबली.

"अवं, ऐका. पोरीला काय करून पाठवायचं ते रोज मोबाइलवर येतंय. मॅडम सांगतील तसंच करायचं. सोताचं डोकं लावायचं न्हाई. पोरीनं त्या पदकाचा ध्यास घेतलाय. तुमच्यापायी तिचं हसं झालं तर माझ्याशी गाठ हाय."

"न्हाई लावत डोकं," तातोबा म्हणाला, आणि विसरू नये म्हणून त्यानं उपरण्याच्या टोकाला एक गाठ मारली.

रविवारी रात्री सोमवारचा निरोप आला. 'उद्या निळा दिवस. आपल्या पाल्याला पूर्ण निळ्या रंगात पाठवावे.'

तातोबानं निरोप दोनदा वाचला. पूर्ण म्हटलंय. बैलाला निळा रंग शिंगांपुरता लागतो, इथं पूर्ण म्हटलंय. बेंदराच्या रंगाचा डबा माळ्यावर होताच. त्यानं समूला ओट्यावर बसवलं आणि कपाळापासून पावलांपर्यंत निळं केलं. कानांना दोन हात दिले. शिंगांच्या आसपासचं काम तो नेहमीच मन लावून करायचा.

शाळेत सगळी पोरं कपड्यांनी निळी आणि अंगानं आपापल्या रंगाची. समू कपड्यांनी पांढरी आणि अंगानं निळी. बालवाडीतलं एक पोर तिला बघून जे रडायला लागलं, ते घरी नेल्यावरच थांबलं.

शेणोलीकर मॅडम या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी तातोबाला बोलावून घेतलं.

"तातोबा, हे काय केलंत?"

"निळी केली, मॅडम. पूर्ण."

"अहो, अंगाला नाही लावायचं. कपड्याला. जे काही असेल ते कपड्याला लावायचं."

"बरं," म्हणत तातोबानं दुसरी गाठ मारली.

घरी येऊन त्यानं समूला रॉकेलनं पुसलं, खोबरेल चोळलं, दगडानं घासलं. सगळी निळाई गेली. कानांची गेली नाही. दोन हातांचा रंग तो.

"आबा, पदक शुक्रवारी ठरणार न्हवं?" समूनं विचारलं.

"व्हय."

"मग आज पोरं हसली तर हसू देत."

मंगळवारी फळांचा दिवस होता. 'पाल्याला एखादे फळ करून पाठवावे.' समूनं केळं व्हायचं ठरवलं. तातोबानं गाठ चाचपली. अंगाला नाही, कपड्याला. तो बाजारात गेला, केळीचा एक अख्खा घड घेऊन आला, दाभण घेतली, सुतळी ओवली आणि झुलीला गोंडे लावावेत तसं एकेक केळं समूच्या फ्रॉकला टाचलं. काम एवढं पक्कं झालं की बैलानं शेपटी मारली असती तरी एक केळं हललं नसतं.

पण वर्गात बैल नव्हते, पोरं होती. आणि पोरांना त्या दिवशी डब्यात उपमा होता. मधली सुट्टी होईपर्यंत वर्गानं समूचा वेश खाऊन टाकला. शेवटचं केळं समूनंच खाल्लं, कारण उरलेलं एक केळं बरं दिसेना. साली वर्गाच्या दारात पडल्या. शेणोलीकर मॅडम राउंडला आल्या, सालीवर पाय पडला, आणि त्या बसल्या अवस्थेत व्हरांडाभर गेल्या. ऑफिस तिथून जवळच होतं. त्यांनी तिथंच तातोबाला बोलावलं.

"फळ करून पाठवा म्हणजे खरं फळ लावायचं का? कागदाचं करायचं असतं, तातोबा. कागदाचं. इतर पालक बघा."

"कपड्याला लावलं हुतं, मॅडम," तातोबा हळूच म्हणाला.

"कागदाचं," मॅडम कमरेला हात लावून म्हणाल्या.

तिसरी गाठ बसली.

बुधवारी पावसाळ्याचा दिवस होता. फेब्रुवारीत पावसाळा का, असं विचारू नये. इंटरनॅशनल शाळेचा पाऊस बागेच्या नळीतून पडतो, तो कधीही पाडता येतो. पोरांनी रेनकोट घालून, छत्री घेऊन यायचं आणि नळीच्या पावसात नाचायचं, असा बेत होता.

समूचा रेनकोट खुंटीवर होता. चांगला, रबरी, गेल्या सालचा. समूनं तो काढलाही होता. तातोबानं तो पुन्हा खुंटीला लावला.

"आबा, ह्यो घालते की."

"ह्यो खरा हाय. चालत न्हाई. कागदाचा पायजे."

"पण भिजंल की, आबा."

"मॅडमपेक्षा तुला जास्त कळतंय व्हय?"

तातोबानं वर्तमानपत्रं खळीनं चिकटवून झगा केला, टोपी केली, छत्री केली. कलाकुसर अशी की गल्लीतल्या बायका बघायला आल्या. समू तशीच शाळेत गेली. गाणं लागलं, शिपायानं नळी सोडली, पोरं नाचायला लागली. समूची एक गिरकी झाली तोवर टोपी गेली, दुसऱ्या गिरकीला छत्री गेली. मग झग्याचा लगदा होऊन तो पायाशी पडला. शाई मात्र गणवेशावर उठली. पाठीवर कांद्याचे बाजारभाव आणि पोटावर कुणाच्या तरी पुण्यस्मरणाची जाहिरात घेऊन ती शेवटपर्यंत नाचली. नाचताना डोळे पुसत होती. पावसात कुणाला कळलं नाही, पण तातोबाला कंपाउंडबाहेरून कळलं. आपण एवढं सांगितल्याप्रमाणं वागतो, तरी पोरगी का रडते, हे काही त्याला उमगेना.

शेणोलीकर मॅडम आल्या. या वेळी त्यांचा आवाज खाली होता, तो जास्त वाईट.

"कागदाचा रेनकोट?"

"काल तुम्हीच..."

"कागदाचं नको, तातोबा. खरं पाहिजे. खरं असतं ते आणायला काय होतं तुम्हाला?"

तातोबानं चौथी गाठ मारली. ती जरा घट्टच मारली.

गुरुवारी 'आपले मदतनीस' असा दिवस होता. कुणी डॉक्टर, कुणी पोस्टमन, कुणी वायरमन. समूच्या वाट्याला पोलीस आला होता. 'पोलिसाच्या तयारीने यावे,' असा निरोप. शेजारच्या काकूंनी खाकी कापड देऊ केलं. तातोबा हसला. कापडाचा पोलीस काय कामाचा? खरं पाहिजे म्हणाल्यात.

तो सकाळीच सायकल मारत पोलीस चौकीवर गेला. मुगडे हवालदार नुकतेच चहा घेत होते.

"हवालदारसाहेब, शाळेत चला. मॅडमनी पोलीस मागितलाय."

"का? काय झालं?"

"ते मला ठाव न्हाई. खराच आणा म्हणाल्यात. कागदाचा नको म्हणाल्यात."

मुगडे हवालदारांनी कप ठेवला. शाळेची बाई पोलीस मागते, तोही खरा, म्हणजे प्रकरण मोठं असणार. त्यांनी टोपी घातली, काठी घेतली आणि फटफटीवर तातोबाला मागं बसवून ते थेट शाळेच्या मैदानात आले. तिथं गुडघ्याएवढे पोलीस ओळीनं उभे होते. त्यांनी हवालदारांना सलाम ठोकला. हवालदारांनीही सवयीनं ठोकला, आणि मग त्यांना राग आला.

"कुणी बोलावलंय मला? तक्रार काय आहे?"

तक्रार काहीच नाही म्हटल्यावर ते आणखी चिडले. पोलीस आला आणि तसाच परत गेला, असं खैरओढ्यात कधी झालेलं नव्हतं. त्यांनी मैदानात नजर फिरवली. शाळेची बस उभी होती. बसचे टायर गुळगुळीत होते आणि विम्याचा कागद मॅडमना सापडेना. बस चौकीवर गेली. पोरं चालत घरी गेली. समू साध्या गणवेशात, निळ्या कानांनी, हवालदारांच्या शेजारी उभी राहिली होती. निदान फोटोत तिचा पोलीस सगळ्यांत उंच आला.

शेणोलीकर मॅडमनी तातोबाला गेटपाशी गाठलं.

"आता नीट ऐका. खरं माणूस शाळेत आणायचं नाही. सोंग पाहिजे, सोंग. खरा कुणी दिसला तर गेटवरूनच माघारी लावायचा. आणि उद्या तहसीलदार मॅडम येणार आहेत. त्यांना बोलावायला मी तीनदा तालुक्याला गेलेय. उद्या तुम्ही या गेटच्या आत पाऊल टाकलंत तर माझ्यासारखी वाईट नाही."

"न्हाई टाकत," तातोबा म्हणाला, आणि त्यानं उपरण्याच्या दुसऱ्या टोकाला गाठ मारायला सुरुवात केली. पहिलं टोक संपलं होतं.

रात्री माहेरहून मालनचा फोन आला. "सगळं बरं चाललंय न्हवं?"

"मॅडम सांगतील तसंच चाललंय," तातोबा म्हणाला. हे खरंच होतं.

शुक्रवारचा विषय होता, 'मोठेपणी मी कोण होणार'. समूनं ते कधीच ठरवलं होतं. ती तहसीलदार होणार होती. एकदा ती आबाबरोबर दाखला काढायला तालुक्याला गेली होती. तिथं तहसीलदार बाई जीपमधून उतरल्या तेव्हा सगळी माणसं उभी राहिली, पान खाणारे पान गिळून उभे राहिले. समूला ते फार आवडलं होतं.

तातोबानं सगळ्या गाठी एकदा चाचपल्या. अंगाला नाही, कपड्याला. खरं फळ नाही. कागदाचं नाही. खरं माणूस नाही, सोंग. आणि काय नवल, सगळ्या गाठी एकदम बरोबर बसल्या. समूला त्यानं मालनची कांजी केलेली सुती साडी दुमडून नेसवली. केसांचा बुचडा बांधला. शेजारच्या म्हातारीचा काचा नसलेला चष्मा लावला. मनगटावर घड्याळ, काखेत फाइल. समू आरशासमोर उभी राहिली आणि ताठ झाली. निळे कान सोडले तर तालुक्यात कुठंही सही करू शकली असती. तातोबाला भरून आलं. या आठवड्यात पहिल्यांदाच पोरीकडं बघून त्याला आपण काही चुकलो नाही असं वाटलं.

"आबा, आज मिळंल ना पदक?"

"आज तुझ्यासारखं सोंग कुणाचं न्हाई."

त्यानं तिला गेटमधून आत सोडलं आणि स्वतः बाहेर उभा राहिला. पायाचा अंगठासुद्धा आत जाऊ नये म्हणून चपला काढून त्यानं रेषेवर ठेवल्या आणि तो त्यांच्या मागं उभा राहिला. आत मंडप होता, स्टेज होतं, पालक बसले होते. गेटच्या गजांतून सगळं दिसत होतं.

थोड्या वेळानं जीप आली. एक बाई उतरल्या. सुती साडी, चष्मा, घड्याळ. तातोबानं नमस्कार केला.

"राम राम. आपण कोण?"

"मी तहसीलदार."

तातोबानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. वेश चांगला होता. कानही निळे नव्हते.

"सोंगातल्या का खऱ्या?"

बाईंनी ड्रायव्हरकडं बघितलं. ड्रायव्हरनं आभाळाकडं बघितलं.

"खरी आहे मी."

"मग अवघड हाय, बाई," तातोबा मनापासून हळहळला. "खऱ्या माणसाला आत बंदी हाय. कालच एका खऱ्या हवालदारावरनं लई बोलणी खाल्लीत म्या. आत आमची तहसीलदार गेलीय, सोंगातली. तिच्यावरच भागवणार हायत."

"कुणाचा आदेश आहे हा?"

"शेणोलीकर मॅडमचा. खरा दिसला तर माघारी लावायचा म्हणाल्यात."

तहसीलदार बाईंचा त्या आठवड्यातला हा कितवा तरी कार्यक्रम होता. सगळीकडं तोच नारळ, तीच शाल आणि तेच स्वागतगीत. त्यांनी गजांतून आतल्या मंडपाकडं बघितलं, मग तातोबाकडं बघितलं.

"तुमची तहसीलदार भाषण करेल ना?"

"करंल की. हुशार हाय पोरगी."

"आदेश आहे म्हटल्यावर मोडणं बरं नाही," बाई म्हणाल्या आणि जीपमध्ये बसल्या. ड्रायव्हरनं गाडी एवढ्या चपळाईनं वळवली, की बाईंचं मन बदलायच्या आत त्याला घरी जेवायला पोचायचं होतं हे कुणालाही कळलं असतं. गाडी वळत असतानाच तातोबानं खिडकीशी वाकून बाईंना आणखी एक गोष्ट सांगितली. बाई पदर तोंडाला लावून हसल्या.

आत मात्र गडबड उडाली होती. पाहुण्यांचा फोन लागेना. स्वागतगीत दोनदा म्हणून झालं. पालक उठायला लागले. स्टेजच्या मधोमध मोठी खुर्ची रिकामी होती, तिच्यावर चिठ्ठी लावलेली, 'मा. तहसीलदार'. ओळीत उभ्या असलेल्या समूनं ती चिठ्ठी वाचली. कुणाची पोरगी ती. सरळ पायऱ्या चढली आणि खुर्चीत जाऊन बसली.

शेणोलीकर मॅडम तिला उठवायला धावल्या. पण सरपंच आधी पोचले. सरपंचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि निवडणूक होईपर्यंत ऑपरेशन करायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांना टेबलाच्या वर एक चष्मा आणि साडी दिसली. त्यांनी शाल घातली, नारळ दिला, हात जोडले.

"बाई बारीक झाल्या जरा," ते मॅडमच्या कानात म्हणाले, म्हणजे माइकमध्ये म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी बसलीय तर बसू दे, असं मॅडमना वाटलं. वडे गार होत होते. समूनं समई लावली. मग तिच्यापुढं माइक आला. तहसीलदार काय बोलतात? तालुक्याच्या कचेरीत आबाबरोबर सकाळपासून बसून तिनं जे ऐकलं होतं, तेच ती बोलली.

"आज काम होणार नाही. उद्या या."

मंडप हसून लोळला. सरपंच तेवढे हसले नाहीत. ते हात जोडून म्हणाले, "बरं, बाईसाहेब."

मग पदकाची वेळ आली. सरपंचांनी नेहमीप्रमाणे नातवाचं नाव पुकारलं. नातू पायलट झाला होता, पुण्याहून आणलेल्या कपड्यांत. तेवढ्यात पालकांतून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, तुम्ही शाल घातली ती तातोबाची समू हाय."

सरपंच खुर्चीजवळ गेले. वाकून बघितलं. निळे कान अगदी जवळून त्यांनाही दिसले. मग म्हणाले, "ज्या सोंगाला सरपंच फसला ते सोंग दुसऱ्या नंबरचं ठरवलं तर माझीच बेअब्रू. पदक हिला."

"पण पदक प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते द्यायचंय," मॅडम पुटपुटल्या.

समूला तो नियम ठाऊक होता. तिनं पदक उचललं, प्रमुख पाहुणी म्हणून स्वतःच्या गळ्यात घातलं, आणि बक्षीस मिळालेली मुलगी म्हणून प्रमुख पाहुणीला वाकून नमस्कार केला. गेटबाहेर तातोबा दोन्ही हातांनी गज धरून रडत होता.

वडे खाऊन लोक पांगले. समू पळत गेटकडं आली, तिच्या मागून शेणोलीकर मॅडम आल्या. आठवड्यात पहिल्यांदाच त्या हसत होत्या.

"तातोबा, आज सगळं बरोबर केलंत. तुमच्या पोरीनं शाळेची लाज राखली. तहसीलदार मॅडम काही आल्या नाहीत हो. तीनदा गेले होते मी. काय अडचण आली असेल कुणास ठाऊक."

"आल्या हुत्या की," तातोबा म्हणाला.

"कोण?"

"तहसीलदार बाई. पर खऱ्या हुत्या, मॅडम. म्या नीट इचारून खात्री करून घेतली आन् गेटवरनंच माघारी लावल्या." त्यानं दुसऱ्या टोकाची गाठ पुढं करून दाखवली. "वर ताकीदबी दिलीया. पुन्यांदा यायचं असंल तर काहीतरी सोंग घिऊन या म्हणलं."

शेणोलीकर मॅडमनी गेट धरलं. तोंड उघडलं. तातोबानं घाईघाईनं उपरण्याचं तेच टोक पुन्हा हातात घेतलं आणि पुढची गाठ मारायला तो तयार झाला.

समूनं साडी सावरली, चष्मा नाकावर चढवला आणि आबाच्या पुढं येऊन उभी राहिली.

"आज काम होणार नाही," ती मॅडमना म्हणाली. "उद्या या."